डिचोलीतला काळा दगड उल्कापाषाण असेल का?

प्रश्न: डिचोलीजवळच्या आमच्या कुळागरात मुठीएवढा काळा, जड दगड सापडला असून त्याला लोहचुंबक चिकटतो. तो उल्कापाषाण असू शकेल का?

उत्तर: त्या भागात लोहखनिज विपुल असल्याने एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय तीव्र चुंबकाने अस्सल उल्कापाषाणातील प्राचीन चुंबकीय नोंद पुसली जाते, म्हणून तो प्रयोग कृपया पुन्हा करू नये.

दुसरे उत्तर: तुटलेली कड भिंगाखाली पाहावी. तो काँड्राइट, म्हणजे गोल कण असलेला दगडी उल्कापाषाण, असल्यास मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक गोल कण दिसतील. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, अवकाशात वितळून थिजलेले ते थेंब होत. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या पाषाणात तर अमिनो आम्ले सापडली, हे मला आजही विलक्षण वाटते.

प्रश्नकर्ता: गोल कण नाहीत, छिद्रे मात्र पुष्कळ आहेत.

पहिले उत्तरदाते: मग तो बहुधा इथलाच लोहयुक्त जांभा असावा.