ओबरहाइम मॅट्रिक्स-१००० : जुना अ‍ॅनालॉग रॅक सिंथेसायझर घ्यावा का?

मंद्रसप्तक

नमस्कार. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देतो. गेली आठ वर्षे माझे सारे काम लॅपटॉप, एक मिडी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर सिंथेसायझर यांवर चालले आहे. एका परिचितांनी नुकताच आपला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आवरायला घेतला असून त्यांच्या रॅकमध्ये ओबरहाइमचा मॅट्रिक्स-१००० आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातला, एक युनिट उंचीचा, सहा व्हॉइसचा (म्हणजे एका वेळी सहा सूर वाजवणारा) हा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर त्यांना पासष्ट हजार रुपयांना विकायचा आहे.

मी अर्धा तास तो वाजवून पाहिला. तंतुवाद्यांच्या समूहासारखा एक ध्वनी निवडून खालच्या सप्तकात षड्ज-पंचम धरून ठेवले, तेव्हा दोन ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारे भाग) एकमेकांपासून किंचित सरकल्यामुळे सुरात जी संथ हालचाल ऐकू आली, ती मला लॅपटॉपवर थरांवर थर चढवूनही साधलेली नाही. नाटकात पात्र न बोलता उभे असते तेव्हा मला नेमका असाच सूर हवा असतो.

तरीही निर्णय होत नाही. एक तर यातले ऑसिलेटर डिजिटल नियंत्रणाखाली चालत असल्यामुळे हे यंत्र खरे अ‍ॅनालॉग नव्हेच, असे मला दोघांनी सांगितले. दुसरे म्हणजे पस्तीस वर्षांहून जुने यंत्र बिघडले तर इकडे दुरुस्त करणार कोण, हा प्रश्न आहे. आणि तेवढ्याच पैशांत, किंवा थोडी भर घालून, वॉरंटीसह नवे यंत्र मिळत असताना जुन्याच्या मागे लागणे शहाणपणाचे आहे का, हेही मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

सोल्डर

पहिल्या शंकेचे निरसन सोपे आहे. या यंत्रात सुराची उंची क्रिस्टलच्या ठोक्यांवरून टायमर चिप मोजून ठरवते, म्हणून यंत्र तापले तरी सूर उतरत किंवा चढत नाही. डिजिटल नियंत्रण म्हणतात ते एवढेच. लहरीला आकार देणे, फिल्टर (सुराचे तेज कमी-जास्त करणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायर ही कामे कर्टिस यांच्या सीईएम ३३९६ या चिपमध्ये पूर्णपणे अ‍ॅनालॉग पद्धतीने होतात आणि प्रत्येक व्हॉइसला अशी एक स्वतंत्र चिप आहे. तुम्हाला ऐकू आलेले तेज आणि ऊब त्या चिपमधली आहे. ओबरहाइमच्याच आधीच्या मॅट्रिक्स-६ मध्येही हीच चिप वापरलेली असल्यामुळे दोन्ही यंत्रांचा आवाज एकाच घराण्यातला वाटतो.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास अशी यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करतो. माझ्या अनुभवात अर्ध्या तासाची चाचणी कधीही पुरेशी ठरत नाही. यंत्र किमान दोन तास चालू ठेवा आणि पूर्ण तापल्यानंतर पुन्हा तपासा, कारण थंड असताना नीट वाजणारी व्हॉइस तापल्यावर बंद पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तपासताना एकच पट्टी सहा वेळा दाबून सहाही व्हॉइस ऐकल्या असे समजू नका. काही ध्वनींमध्ये तीच पट्टी पुन्हा दाबली की ती पुन्हा त्याच व्हॉइसकडे जाते. त्याऐवजी एक पट्टी दाबून धरा, ती न सोडता दुसरी, मग तिसरी, अशा सहा पट्ट्या एकेक करून धरा आणि प्रत्येक नव्या सुराचा आरंभ, तेज आणि जोर आधीच्यांशी जुळतो का ते लक्ष देऊन ऐका. यासाठी ध्वनी अगदी साधा निवडावा, कारण भरगच्च ध्वनीत एका व्हॉइसचा दोष सहज लपून जातो.

दुसरी चाचणी शांततेची. काहीही न वाजवता आवाज वाढवा. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले असतील तर १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येईल. पेटीवर हात असलेल्याला ती खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर ओळखता येईल. हा दोष असेल तर घाबरू नका. ते कपॅसिटर बदलणे स्वस्त आहे आणि या वयाच्या यंत्रात ते एकदा तरी बदलावेच लागतात.

मागच्या बाजूला व्होल्टेजचे लेबल मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अमेरिकेतून आलेले यंत्र साधारण ११५ ते १२० व्होल्टचे असते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. तसे असल्यास चांगल्या प्रतीचा, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर अशा यंत्राला कधीही जोडू नये.

शुद्धनिषाद

मी थोडे विरुद्ध मत मांडतो, कारण विकत घेण्याचा उत्साह असताना ते कोणीतरी मांडले पाहिजे. मॅट्रिक्स-१००० च्या दर्शनी भागावर ध्वनी घडवण्यासाठी एकही नॉब नाही. आकड्यांची बटणे आहेत आणि आत एक हजार ध्वनी आहेत. त्यांपैकी पहिले २०० बदलून साठवता येतात, उरलेले ८०० कायमचे कोरलेले आहेत. फिल्टर थोडा उघडायचा असला तरी संगणकावरच्या एडिटरमधून मिडीवाटे संदेश पाठवावा लागतो. म्हणजे ज्या लॅपटॉपच्या पडद्यापासून तुम्हाला दूर जायचे आहे, त्याच्याच समोर तुम्ही पुन्हा येऊन बसणार. शिवाय या यंत्राला ध्वनीची एकच मोनो वाट आहे आणि आत कोरस (ध्वनी रुंद करणारा परिणाम) किंवा रिव्हर्ब (घुमारा) यांपैकी काहीही नाही.

मी स्वतः रोलँडचा एमकेएस-५० वापरतो. तो रोलँडच्याच अल्फा जुनो या कीबोर्डचा रॅकमधला अवतार आहे. त्यात प्रत्येक व्हॉइसला एकच ऑसिलेटर असल्यामुळे दोन ऑसिलेटरच्या घर्षणाची ती हालचाल मिळत नाही हे मान्य केलेच पाहिजे, पण आत स्टिरिओ कोरस आहे, आणि सावकाश का होईना, प्रत्येक घटक पॅनेलवरच्या बटणांनी बदलता येतो. नव्यापैकी बेरिंजरचा डीपमाइंड १२डी किंवा सिक्वेन्शियलचा प्रॉफेट रेव्ह२ मॉड्यूल हे दोन्ही याच जातीच्या, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या ऑसिलेटरवर आणि अ‍ॅनालॉग फिल्टरवर चालतात, आणि त्यांत हाताशी भरपूर नॉब-स्लाइडर आहेत. तुम्हाला ध्वनी स्वतः घडवायचे असतील तर माझे मत नव्याच्या बाजूने आहे. आयते ध्वनी निवडून त्यांत किरकोळ फेरफार करणार असाल तरच जुन्याचा विचार करावा.

कोकणकडा

माझ्याकडे सहा वर्षे रत्नागिरीत मॅट्रिक्स-१००० आहे, म्हणून केवळ अनुभवाचे लिहितो. शुद्धनिषाद यांनी एडिटरविषयी म्हटले ते खरे आहे. त्यात भर अशी की मूळ फर्मवेअर (यंत्राच्या चिपवर कोरलेली आज्ञावली) असताना एडिटरमधून फिल्टर सरकवला की यंत्र संदेशांच्या ओझ्याखाली अडखळते आणि सूरही उशिरा लागतात. पुढे काही जाणकारांनी स्वतंत्रपणे सुधारित फर्मवेअर तयार केले. ते चिपवर लिहून बसवल्यानंतर माझ्या यंत्रातला हा अडथळा जवळजवळ नाहीसा झाला. विक्रेत्याला त्याची आवृत्ती अवश्य विचारा.

मोनोची अडचण मला वाटली होती तेवढी मोठी निघाली नाही. मी तोच भाग दोनदा ध्वनिमुद्रित करतो, दुसऱ्या वेळी ऑसिलेटरमधले अंतर किंचित बदलतो आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतो. दोन्ही वेळा यंत्र थोडे वेगळे वाजते, आणि तो रुंदपणा मला कोणत्याही कोरसपेक्षा अधिक प्रिय आहे. अर्थात, हे ध्वनिमुद्रणात जमते, रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवताना जमत नाही.

खरा शत्रू पाऊस आहे. पहिल्याच श्रावणात माझ्या यंत्राने चालू होण्यास नकार दिला, पडद्यावर अर्धवट रेघा उमटून राहिल्या. झाकण काढले तेव्हा सॉकेटमध्ये बसवलेल्या रॉम चिपच्या पायांवर काळपट थर चढलेला दिसला. चिप काढून पाय स्वच्छ केले, पुन्हा बसवली, आणि यंत्र सुरू झाले. तेव्हापासून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर ते चालू ठेवतो, रॅकमध्ये सिलिका जेलची पिशवी ठेवतो, आणि यंत्र बरेच गरम होत असल्यामुळे वरची एक जागा मोकळी सोडतो. पुण्यात हा त्रास कमी होईल, पण होणारच नाही असे नाही.

मंद्रसप्तक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन पावणेतीन तास बसलो. लेबल ११५ व्होल्टचे आहे आणि परिचितांनी त्यासाठी वापरलेला जड ट्रान्सफॉर्मर सोबत देण्याचे कबूल केले आहे. गुणगुण आहे, पण अगदी क्षीण.

सहा पट्ट्यांची चाचणी सुरुवातीला निर्दोष झाली. दीड तासानंतर मात्र पाचवा सूर बाकीच्यांपेक्षा मंद, जणू वर घोंगडी टाकल्यासारखा येऊ लागला आणि नंतर तसाच राहिला. अर्ध्या तासाच्या पहिल्या भेटीत हे मला कधीच कळले नसते. ती चिप गेली असेल तर हा व्यवहार इथेच सोडावा का?

सोल्डर

लगेच सोडू नका. सीईएम ३३९६ सहज मिळत नाही हे खरे, पण दोष चिपमध्येच असेल असे नाही. प्रोसेसर सर्व व्हॉइसच्या फिल्टरसाठीची व्होल्टेज एकामागून एक तयार करतो आणि मल्टिप्लेक्सर चिपमधून ती ज्याच्या त्याच्याकडे पोहोचवतो. तो मल्टिप्लेक्सर किंवा व्होल्टेज धरून ठेवणारा लहान कपॅसिटर तापल्यावर गळू लागला, तरी फिल्टर बंद होऊन आवाज असाच मंद होतो. ४०५१ जातीची मल्टिप्लेक्सर चिप बुधवार पेठेतही काही रुपयांत मिळते. चांगल्या पाच व्हॉइसपैकी एकीचे आणि बिघडलेल्या व्हॉइसचे फिल्टरचे नियंत्रक व्होल्टेज मल्टिमीटरने शेजारी शेजारी मोजले की दोष चिपच्या आधीचा की चिपचा, हे दहा मिनिटांत स्पष्ट होईल. मालक झाकण उघडू देत असतील तर एखादा तंत्रज्ञ सोबत न्या. मोजमाप होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

मंद्रसप्तक

पुढची हकिकत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ सोबत आले. यंत्र तापल्यानंतर पाचव्या व्हॉइसचे व्होल्टेज हळूहळू घसरताना मीटरवर आम्ही तिघांनीही पाहिले, म्हणजे दोष सीईएम चिपच्या आधीचाच निघाला. मालकांनी तो मोकळेपणाने मान्य केला आणि व्यवहार बावन्न हजारांवर ठरला. नंतर त्या तंत्रज्ञ काकांनी आधी मल्टिप्लेक्सर बदलला, त्याने फरक पडला नाही. मग त्याच्या शेजारचा कपॅसिटर बदलला आणि दोन तासांनंतरही सहाही सूर सारखे आले.

शुद्धनिषाद, तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेतला. मला ध्वनी मुळापासून घडवायचे नसतात, पन्नासातून एक निवडून तो प्रसंगाला जुळवायचा असतो, हे तुमच्या प्रतिसादामुळेच माझ्या मनात स्पष्ट झाले आणि म्हणून नव्या यंत्राचा विचार मी सोडला. यंत्र नाटकाच्या प्रयोगांना नेणार नाही, घरीच ध्वनिमुद्रण करीन.

घरी आणल्यावर सर्वांत आधी बदलता येणारे दोनशेही ध्वनी मिडीवाटे लॅपटॉपवर उतरवून घेतले, कारण आतली नाण्याएवढी लिथियम बॅटरी केव्हाची आहे हे मालकांनाही आठवत नव्हते आणि ती काढताक्षणी ते सारे पुसले जाणार. त्यांत आधीच्या कोणीतरी घडवलेले चाळीसेक ध्वनी सापडले. एक तर तानपुऱ्याच्या जवारीच्या इतका जवळ जातो की नव्या नाटकाच्या दुसऱ्या अंकासाठी तो मी आजच बाजूला काढून ठेवला आहे. बॅटरी आणि वीजपुरवठ्याचे कपॅसिटर येत्या रविवारी बदलतो आहोत. सुधारित फर्मवेअर चिपवर लिहून देणारे पुण्यात कोणी असेल तर कोकणकडा यांनी कृपया कळवावे.