मदत हवी आहे: एकाच ओळीत ठळक, लाल आणि साधी अक्षरं, पायक्यूटीच्या टेबलात

लालबागला काकांचं मसाल्याचं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षभराचा मसाला कांडून घेणाऱ्यांची रांग लागते आणि काकांची वही हळदीनं पिवळी होते. म्हणून ऑर्डरी नोंदवायला पायथन-पायक्यूटीत (क्यूटी ही खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी, पायक्यूटी ती पायथनमधून वापरायची सोय) छोटा प्रोग्राम करतोय. (मी अकाउंट्सचा माणूस, प्रोग्रामर नाही. सांभाळून घ्या.)

काकांची मागणी एकच: "नाव ठळक, येणं लाल, उरलेलं साधं. वहीत मी तसंच लिहितो." म्हणजे "सावंत, बेडगी २, संकेश्वरी १, बाकी ₹६००" हे सगळं एका ओळीत (बेडगी, संकेश्वरी या मिरच्या).

सेटफाँट (अक्षरांचं वळण ठरवणारी आज्ञा) अख्ख्या लेबलाला लागतो म्हणून आधी तीन क्यूलेबल (मजकूर दाखवायच्या पट्ट्या) शेजारीशेजारी लावली. मजकूर लांबला की सगळं विस्कटायचं. मग कळलं की एकाच लेबलात एचटीएमएल चालतं. बी (ठळक) आणि स्पॅन (रंग) हे टॅग, म्हणजे कोनी कंसातल्या खुणा, घातले, काम झालं. तेच क्यूटेबलविजेटमध्ये, म्हणजे पायक्यूटीच्या टेबलात, टाकलं तर टॅग जसेच्या तसे छापून आले. काका विचारतात, "सावंतांच्या आधी हा बी कोण?" टेबलाच्या प्रत्येक घरात लेबल बसवून पाहिलं, पण ओळी वाढल्यावर खिडकी उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

दुसरी अडचण जास्त छळतेय. शोधात टाइप केलेली अक्षरं नावात ठळक करायची आहेत. "श" टाइप केलं की "शिंदे"मधला श ठळक होतो, आणि वेलांटी त्याला सोडून शेजारच्या ठिपक्याठिपक्यांच्या गोळ्यावर जाऊन बसते! फाँट बदलून पाहिला, फरक नाही.

प्रतिसाद १
टेबलासाठी डेलिगेट (टेबलाचं प्रत्येक घर रंगवणारा कोड) लिहा. क्यूस्टाइल्डआयटमडेलिगेटमधलं पेंट स्वतःचं करायचं: आधी मजकूर रिकामा ठेवून घराची पार्श्वभूमी रंगवा, मग क्यूटेक्स्टडॉक्युमेंटमध्ये एचटीएमएल भरून त्यावर काढा. साइझहिंटही (घराचं माप) त्याच डॉक्युमेंटवरून द्या, नाहीतर मात्रा-रफार वरून कापले जातील. आणि ग्राहकाचं नाव आणि शेरा टॅगमध्ये घालण्याआधी एस्केप करा, म्हणजे त्यातली चिन्हं टॅग समजली जाणार नाहीत. कुणी शेऱ्यात कोनाचं चिन्ह (<) लिहिलं तर पुढचा मजकूर गडप.

प्रतिसाद २
फाँट निर्दोष आहे. "शिंदे" म्हणजे संगणकाला पाच तुकडे: श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा. पहिल्याच तुकड्यानंतर टॅग बंद केलात, म्हणून वेलांटी पोरकी झाली. "शि" टाइप केलं तरी अनुस्वाराचं तेच होईल. तोडायचं ते अक्षराच्या सीमेवर. क्यूटेक्स्टबाउंडरीफाइंडर त्या सीमा देतो. पण जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांचं जागतिक मानक) १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला, तेव्हा जुन्या क्यूटीवर विसंबू नका. तुकडा हलन्तावर (पाय मोडल्याच्या खुणेवर) संपत असेल तर पुढचं अक्षरही आत घ्या. माझं विचाराल तर सरळ अख्खं नाव ठळक करा. अर्धं जोडाक्षर ठळक करून कुणाचं भलं झालंय?

धागाकर्ता
दोघांचे आभार. अख्खं नाव ठळक केलं, काकांना तेच बरं वाटलं. डेलिगेटही चालला. फक्त निवडलेल्या ओळीत निळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातली येण्याची रक्कम वाचताच येत नाही, आणि काका नेमकी तीच ओळ निवडतात.

प्रतिसाद १
स्पॅनमध्ये दिलेला रंग निवडीला जुमानत नाही. पेंटमध्ये ओळ निवडलेली आहे का ते तपासा. असेल तर लाल स्पॅन वगळून येणं नुसतं ठळक ठेवा, आणि सगळ्या अक्षरांचा रंग पेंटकॉन्टेक्स्टच्या (डॉक्युमेंट काढताना द्यायच्या सूचना) पॅलेटमधून पांढरा करा.