नंगा पर्बत (पाकिस्तान), जानेवारी २०१८: बचावपथकाने तोमेकला वर ठेवून परत फिरणं बरोबर होतं का?

वाटाड्या:
माझ्या मते बरोबरच. फ्रेंच गिर्यारोहक एलिझाबेथ रेवोल आणि तिचा पोलिश जोडीदार तोमेक मात्स्क्येविच २५ जानेवारीला संध्याकाळी माथ्यावर पोचले. ८,१२६ मीटर, ऐन हिवाळा, सोबत ऑक्सिजन नाही. तिथेच तोमेकला दिसेनासं झालं. रेवोलने त्याला अंधारात सुमारे ७,२८० मीटरपर्यंत उतरवलं, पुढे तो हलेना. के-टू शिखरावरच्या पोलिश मोहिमेतले चौघे सुटकेसाठी लष्करी हेलिकॉप्टरने आले. त्यांपैकी उरुब्को आणि ब्येलेत्स्की रात्री हजार मीटरहून जास्त चढले, तेव्हा सहा हजारांच्या आसपास रेवोल भेटली. हातपाय हिमदंशाने निकामी. हवा बिघडत चाललेली. तिला तिथे कुणाच्या भरवशावर ठेवून वर जायचं?

कातळकडा:
परत फिरण्याबद्दल तक्रार नाहीच. माथा संध्याकाळी गाठला, याबद्दल आहे! म्हणजे उतरायचं रात्री, वाऱ्यात, दमलेल्या पायांनी, आणि मदतीला वरच्या कॅम्पात कुणी नाही. तोमेकची या डोंगरावरची ही सातवी हिवाळी मोहीम. त्याला हे कळत नव्हतं? मग चार जणांनी जीव पणाला लावायचा आणि हेलिकॉप्टरसाठी लोकांनी वर्गणी काढायची.

शुभा_डोंगरवेडी:
त्या चौघांना कुणी ढकललं नव्हतं, स्वतःहून आले. आणि ‘रेवोल त्याला टाकून आली’ असं इथे कुणी लिहू नका. तू खाली ये, त्याला हेलिकॉप्टरने उचलू, असं तिला सांगितलं होतं, हे तिनेच नंतर सांगितलं. त्या उंचीवर हेलिकॉप्टर गेलंच नाही. एका रात्री हिमभेगेत तिला भास झाला की कुणी गरम चहा आणलाय आणि बदल्यात बूट मागतंय. तिने बूट काढून दिला! काही तास पाय उघडा राहिला. अशा अवस्थेतल्या बाईकडून अजून काय हवं होतं?

कातळकडा:
तिला दोष देतच नाही. पण २०१६ मध्ये याच डोंगराचं पहिलं हिवाळी आरोहण झालं, तेव्हा त्या चमूतली इटालियन गिर्यारोहक तामारा लुंगर माथा हाकेच्या अंतरावर असताना फिरली. फिरता येतं.

वाटाड्या:
रेवोल आणि तोमेकही २०१५ मध्ये ७,८०० मीटरच्या आसपास जाऊन फिरले होते. लुंगरची तब्येत सकाळपासून बिघडली होती. तोमेक माथ्यापर्यंत ठीक होता. फिरायचं कशावरून?

कातळकडा:
घड्याळावरून. दुपारची वेळ ठरवायची, ती उलटली की माथा दिसत असला तरी खाली. तब्येत ठणठणीत असली तरी.