तेल गळत नाही, खाली उतरतं

महिनाभर उभ्या नॉर्टन कमांडोच्या (जुनी ब्रिटिश मोटरसायकल) इंजिन ऑइलच्या टाकीत तेल कमी दिसलं की वरून भरून चालू करायची, असा सल्ला एकाने दिलाय. कृपया असं करू नका! ही इंजिनं ड्राय सम्पची. तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि गाडी उभी असताना ते इंजिनात तेल फिरवणाऱ्या गिअर पंपाच्या फटींतून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतं. म्हणजे तेल कुठेही गेलेलं नसतं. त्यावर आणखी ओतलं की चालू केल्यावर पंप सगळं परत वर खेचतो आणि टाकी ओसंडते. तेवढ्यात क्रँककेसमधलं तेल क्रँकच्या सीलमधून प्रायमरीत, म्हणजे क्लच असलेल्या बाजूच्या डब्यात, घुसतं. त्या तेलाने क्लच घसरायला लागला की लोक प्लेटा बदलत बसतात, मूळ दुखणं तसंच राहतं.

किक नेहमीपेक्षा जड लागली की समजा, खाली तेल साचलंय. सम्पचा, म्हणजे क्रँककेसच्या तळाचा, प्लग उघडून ते स्वच्छ भांड्यात काढा, मग टाकीतली पातळी बघा. चालू केल्यावर टाकीचं झाकण उघडून रिटर्नच्या नळीतून तेल परत येतंय का तेही पाहा. फारच लवकर उतरत असेल तर पंप उघडून त्याच्या बाजू काचेवर बारीक पॉलिश पेपरने सपाट कराव्यात, आणि पंप व टायमिंग कव्हरमधलं शंकूच्या आकाराचं रबरी सील नवं घालावं. तेल उतरू नये म्हणून टाकीच्या नळीत तोटी बसवणं मला अजिबात पटत नाही. एकदा उघडायची राहिली की तेलाविना बिग एंड (क्रँकवरचं बेअरिंग) गेलाच. रेसिंगमध्ये तर खाली साचून ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) मागच्या टायरवर आलेलं तेल मागून येणाऱ्यांच्याही जिवावर बेततं.