आजोबांचं ओमेगा घड्याळ दिवसाला 12 मिनिटं पुढं पळतंय

उद्यमनगरवाला:
नमस्कार मंडळी. आजोबांचं ओमेगा सीमास्टर माझ्याकडं आलंय, 1950 च्या आसपासचं असावं, आज्जी सांगते की दसरा चौकात सोनं लुटायला जाताना आजोबा तेच घालून जायचे. आजवर नीट चालत होतं पण गेल्या आठवड्यापासून एकदम दिवसाला 12 मिनिटं पुढं. शिवाय हात हलवला की आत काहीतरी टक्कन आपटतंय असं मनगटाला जाणवतं, हे मात्र आधीपासूनचं. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले मशीन गेलंय, बॅटरीवरचं क्वार्ट्झ मशीन बसवून देतो, डायल पण नवी करतो. माझं मन होईना, परत घेऊन आलो. काय करू?

रंकाळाकाठ:
भावा थांब, क्वार्ट्झ अजिबात बसवू नको!! ते आपटणं बिघाड न्हाय, बंपर ऑटोमॅटिक असणार ते. 1948 ला सीमास्टर आलं तेव्हा आतलं वजन आजच्या रोटरसारखं गोल फिरायचं नाही, थोडं फिरून दोन्ही बाजूच्या स्प्रिंगांवर आपटून मागं यायचं आणि त्याच हेलकाव्यात मेनस्प्रिंगला, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगला, चावी बसायची. ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाची सुरुवातच अशी झाली, 1920 च्या दशकात हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीनं केलेलं घड्याळ याच पद्धतीचं होतं. 50 च्या दशकाच्या मध्यात ओमेगानं पूर्ण फिरणारा रोटर आणला आणि बंपर मागं पडलं. लई देखणी चीज आहे, जप.

तिसरी पिढी घड्याळ दुरुस्ती:
पुढं पळण्याचं सांगतो. तेल सुकून बिघडलं असतं तर हळूहळू बिघडलं असतं, असं आठवड्यात एकदम नाही. पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक, तिला चुंबक लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं चाक, भराभर झोके घेतं. घड्याळ होकायंत्राजवळ नेऊन बघा. आणि तुम्ही काम काय करता?

उद्यमनगरवाला:
दादा, बरोबर ओळखलंत! गेल्या सोमवारपासून सरफेस ग्राइंडरवर (धातू घासून सपाट करायचं मशीन) आहे, त्याच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे चुंबकानं पकडणाऱ्या पाटावर, जॉब (घासायचा धातूचा भाग) लावताना घड्याळ हातातच. पोराचं होकायंत्र जवळ नेलं तर काटा गर्रकन फिरला. वर्कशॉपमध्ये जॉबसाठी डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढायचं यंत्र) आहे, त्यावर ठेवू का?

तिसरी पिढी घड्याळ दुरुस्ती:
नको नको, घड्याळजीकडं छोटा असतो त्यावरच करून घ्या, पाच मिनिटांचं काम. त्यानंतरही पळालं तर सर्व्हिसिंग करून घ्या, मशीन पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून. डायल मात्र कुणालाही रंगवू देऊ नका, पिवळी पडली असली तरी मूळची आहे, एकदा रंगवली की ती अक्षरं परत येत नाहीत. आणि पावसात घालू नका. सीमास्टर निघालं महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी केलेल्या पाणीरोधक घड्याळांवरून हे खरं, पण सत्तर वर्षांचं रबर आता पाणी अडवत नाही.

उद्यमनगरवाला:
उद्या सुट्टी आहे, उद्याच नेतो. कामावर आता घड्याळ डब्याच्या पिशवीत.

रंकाळाकाठ:
मागचं झाकण उघडलं की आतला फोटो टाक बरं का.