फल्लीदाण्याची ॲलर्जी: ‘कंपोनंट’ वाली ब्लड टेस्ट नागपुरात नेमकी कशी मागायची?

प्रतापनगरची_आई
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगा ४ वर्षांचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी त्याच्या हातावर फल्लीदाण्याच्या चिक्कीचा तुकडा ठेवला, अर्धाही खाल्ला नसेल, दहा मिनिटांत वरचा ओठ सुजला, पोटावर मानेवर गांध्या आणि मग माझ्या साडीवरच भडाभडा उलटी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरलं सगळं.
मग आम्ही शहाणपणा केला. फोनवर ऑफर दिसली म्हणून घरी माणूस बोलावून मोठं फूड पॅनल करून घेतलं, ८०-९० पदार्थ. त्यात गहू, दूध, तूरडाळ, केळं, फल्लीदाणे सगळ्यालाच लाल रंग! तेव्हापासून सासूबाईंनी पोळी आणि दूध बंद केलंय, पोरगं पंधरा दिवस भात आणि वरणाचं पाणी खाऊन राहिलं आहे (डाळही लाल होती म्हणून).
आता रामदासपेठेतल्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरांनी ते पॅनल बघितलंही नाही, बाजूला ठेवलं आणि चिठ्ठीवर ‘पीनट कंपोनंट, अरा एच २’ लिहून दिलं. घराजवळच्या कलेक्शन सेंटरला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणे हो होते ना. चार दिवसांनी रिपोर्ट आला तर नुसतं ‘पीनट आयजीई ११.४’. डॉक्टर म्हणाले ही ती टेस्ट नाहीच. म्हणजे पोराला परत टोचायचं? आणि जर ११.४ आलंच आहे तर ॲलर्जी आहे हे नक्की झालं ना, मग ही दुसरी कशाला?

वर्धारोडवाला
ताई आधी पोराला पोळी द्या. दूध, पोळी, वरण हे सगळं तो संक्रांतीच्या आधी रोज खात होता ना? काही होत नव्हतं ना? मग झालं. तुमच्या पॅनलवर बारीक अक्षरात आयजीजी लिहिलेलं असेल बघा. आपण जे रोज खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी) शरीरात तयार होतंच, ते जास्त दिसलं म्हणजे ॲलर्जी नाही, उलट त्याचा अर्थ एवढाच की पोरगं ते खाते. ॲलर्जीची अँटीबॉडी असते ती आयजीई. तरी सुरू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एक फोन करा म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल.
आता दुसऱ्या टेस्टचं. ११.४ आहे ते अख्ख्या दाण्याच्या अर्काविरुद्ध. दाण्यात बरीच प्रथिनं असतात, काही खरी डेंजर, काही परागकणांतल्या प्रथिनांसारखी दिसणारी, त्यांच्यामुळे आकडा उगाच वर जातो. अरा एच २ हे डेंजरवालं, भाजून तळून किंवा पोटात पचून सहजासहजी मोडत नाही. ते पॉझिटिव्ह आलं तर खरी रिॲक्शन यायची शक्यता बरीच जास्त.
माझ्या मुलीचं सांगतो, तिचं अख्ख्या दाण्याचं ६.२ होतं आणि अरा एच २ चं ०.१० च्या खाली, म्हणजे जवळपास नाहीच. मग डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करून थोडं थोडं करत दाणे खायला दिले, आम्ही सकाळी आठ ते दुपारी तीन कॉटवर बसून, ती कार्टून बघत होती आणि आमच्या दोघांच्या हाताला घाम. काही झालं नाही. आता तर्री पोह्यावर वरून दाणे मागते. पण तिला पहिल्यांदा फक्त तोंडाभोवती लाल झालं होतं. तुमच्याकडे ओठ सूज आणि उलटी दोन्ही झालं आहे, तेव्हा आमचं बघून घरी काही करून बघू नका.

सॅम्पलवाला
लॅबमध्ये आहो मी, नाव नका विचारू. ताई काउंटरवाल्या पोरीची चूक अर्धी, कॉम्प्युटरमध्ये पीनट टाकलं की पहिलं जे येते तेच ती टिक करते, तिला कोणी शिकवलेलं नसते. तुम्ही चिठ्ठीवर कोड लिहून न्या. इम्युनोकॅपवर (ही टेस्ट लावायची एक पद्धत) अख्ख्या दाण्याचा कोड एफ १३, अरा एच २ चा एफ ४२३, अरा एच ६ (दाण्यातलंच दुसरं प्रथिन) पाहिजे असंन तर एफ ४४७. बिल हातात आलं की पैसे द्यायच्या आधी हा नंबर त्यात आहे का बघा, नसंन तर थांबवा.
आणि परत टोचायचं काम कदाचित पडणार नाही. टेस्ट झाल्यावर उरलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहते ते पाणी) लॅब काही दिवस फ्रीजमध्ये ठेवते. कलेक्शन सेंटरले नाही, मेन लॅबच्या कस्टमर केअरले फोन करा, रिपोर्टवरचा बारकोड नंबर सांगा आणि म्हणा ‘ॲड-ऑन’ करायचं आहे, सीरम शिल्लक आहे का. आजच करा, उद्यावर नका टाकू. आपल्याकडच्या बऱ्याच सेंटरवरून असे सॅम्पल बाहेरगावी जातात, आणि या टेस्टा रोज लागत नाही, बॅचमध्ये लागतात म्हणून रिपोर्टले वेळ लागते, त्यात घाबरू नका.
उपाशीपोटी न्यायची गरज नाही. सर्दीची ॲलर्जीची गोळी चालू असंन तरी ब्लड टेस्टले फरक पडत नाही. हाताच्या कातडीवर टोचून करतात ती वेगळी, तिच्यासाठी गोळी ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते, तीही डॉक्टरले विचारूनच.

धंतोलीची_मावशी
एवढं काऊन घाबरून राहिल्या बापा. आमच्या घरी सगळी लेकरं फल्लीदाण्यावरच वाढली. रोज चिमूटभर कूट भातात कालवून द्या, सवय होते पोटाला. इतक्या टेस्टांची काही गरज नाही.

रात्रपाळी_सिस्टर
मावशी राग मानू नका, पण हे कृपया कोणी करू नका. ज्या लेकराला ॲलर्जी नाही त्याला लहानपणापासून दाणे खायला घातले तर फायदा होतो हे खरं आहे, २०१५ साली इंग्लंडमधल्या लीप नावाच्या अभ्यासातून ते चांगलं सिद्ध झालं, तेव्हा तुमच्या लेकरांचं बरोबरच झालं. पण ज्याला एकदा ओठ सुजून उलटी झाली त्याची गोष्ट वेगळी. मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरसमोर डोस वाढवत द्यायची एक पद्धत आहे, तिलाही रिॲक्शन येतात. चिमूट म्हणजे किती मिलिग्रॅम, सांगता येईल का?
प्रतापनगरच्या ताई, मला टेस्टपेक्षा दुसरी काळजी वाटतेय. कोपऱ्यावर कोणतं इंजेक्शन दिलं होतं? बहुतेक ॲलर्जीचं आणि स्टेरॉईडचं दिलं असेल, त्याने गांध्या जातात. पण दोन ठिकाणी त्रास (कातडी आणि पोट) किंवा श्वास लागला, आवाज घोगरा झाला, पोरगं एकदम ढिलं पडलं तर पहिलं औषध ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. वाट बघत बसायचं नाही. बाहेरदेशात पेनसारखं तयार मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, साधी काचेची १ मिलीची ॲम्प्यूल मिळते. किती भरायचं हे वजनावर असतं, तेव्हा डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर सिरिंज भरून दाखवा. मिस्टरांनाही शिकवा, आणि सासूबाईंनाही, दिवसभर त्याच्याजवळ त्याच असतील ना. आणि दिल्यावर सरळ हॉस्पिटल, बरं वाटलं तरी, कारण काही तासांनी रिॲक्शन परत येऊ शकते.

प्रतापनगरची_आई
सगळ्यांचे खूप आभार, दहा दिवसांनी लिहितेय. सॅम्पलवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच झालं! सेंटरवाली म्हणत होती परत या, मेन लॅबला फोन केला तर सीरम होतं शिल्लक, एफ ४२३ लावून दिलं. पोराला टोचावं लागलं नाही, त्याला कळलंही नाही.
अरा एच २ आलं ८.७. डॉक्टर म्हणाले तुमच्याकडे झालेला प्रकार आणि हा आकडा दोन्ही एकाच दिशेने आहेत, तेव्हा सध्या खायला घालून बघायची गरज नाही, दाणे पूर्ण बंद, वर्षाने परत तपासू, काही मुलांची मोठेपणी जाते. हेही सांगितलं की आकड्यावरून पुढची रिॲक्शन किती जोरात येईल ते कळत नाही. मी थोडी रडले गाडीत. पण दूध पोळी सुरू झाली, पहिल्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या त्याने, सासूबाई नुसत्या बघत होत्या.
सिस्टर, इंजेक्शन शिकलो, आधी संत्र्यावर टोचून बघितलं मी. नवरा दुसऱ्यांदा भरताना ॲम्प्यूल फोडून बोट कापून बसला.
आता घरचे प्रश्न. आमच्याकडे घाणीचं फल्ली तेल येतं, ते चालेल का? आणि शिवरात्री आली, साबुदाण्याची उसळ बिना कुटाची कशी करता तुम्ही लोक?

वर्धारोडवाला
घाणीचं तेल बंद करा, त्यात दाण्याचं प्रथिन उरतं. रिफाइंडमध्ये जवळपास नसतंच, पण आमच्या डॉक्टरांनी तेव्हा तेलच बदलायला लावलं होतं, आम्ही सोयाबीनवर गेलो. पाकिटावर ॲलर्जीच्या पदार्थांची नावं वेगळी लिहिणं बंधनकारक आहे, ते वाचायची सवय लावून घ्या. खरी भीती सुट्या मालाची, चिवडा, शेव, फरसाण, एकाच कढईत एकाच डावाने सगळं.

धंतोलीची_मावशी
बाई मी आधी बोलली ते मनावर नको घेऊ. उसळीत ओलं नारळ किसून टाक अन् बटाटा जास्त, साबुदाणा भिजवताना पाणी कमी ठेव म्हणजे कुटाशिवायही मोकळी होते. फक्त कढई वेगळी काढ, आमची तर वीस वर्षांची कुटातलीच आहे.