मोझेलकाठचा कालमोंट: तिथली जमीन, रिस्लिंग आणि पायवाट

प्रश्न

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी आणि पत्नी चार दिवस जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यात जाणार आहोत. ब्रेम गावावरचा कालमोंट हा द्राक्षमळ्यांचा उतार युरोपातील सर्वांत उभ्या उतारांपैकी एक आहे, एवढे वाचले आहे. तिथली जमीन नेमकी कशी आहे? तिथल्या रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनला ‘दगडाची चव’ असते असे म्हणतात, त्यात तथ्य किती? उतारावरची पायवाट पत्नीला झेपेल का, हेही कृपया सांगावे. तिला चालण्याची सवय आहे, परंतु उंचावरून खाली पाहिले की भोवळ येते.

प्रतिसाद १

कालमोंटवर माती शोधावी लागते, कारण पायाखाली असतो तो पाटीच्या दगडाचा चुरा. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन काळातील समुद्रतळाचा चिखल दाबला जाऊन हा दगड तयार झाला, आणि त्यात जागोजागी कठीण क्वार्टझाइटही आढळतो. पाणी या चुऱ्यातून झरझर निघून जाते, त्यामुळे वेलींची मुळे खडकाच्या फटींतून खोलवर जातात. उतार दक्षिणाभिमुख असल्याने दगड दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री वेलींना मिळते. मी सूर्यास्तानंतर एक चपटी कपची उचलली होती. हवेत गारठा असूनही ती तळहाताला चांगली कोमट लागली. इतक्या उत्तरेला, उशिरा पिकणारे रिस्लिंग का साधते, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले.

चवीबद्दल मात्र सावध असावे. दगडातील खनिजे मुळांवाटे जशीच्या तशी वाइनमध्ये उतरतात आणि जिभेला जाणवतात, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. दगड आपले काम उष्णता, पाण्याचा निचरा आणि पिकण्याचा वेग यांच्याद्वारे करतो.

प्रतिसाद २

भोवळ येत असेल तर ब्रेम आणि एडिगर-एलर यांच्यामधली मळ्यांतून जाणारी वाट, म्हणजे कालमोंटचा क्लेटरश्टाइग, वहिनींनी टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे लोखंडी शिड्या आणि खडकात ठोकलेल्या तारांचा आधार आहे, पण एका बाजूला थेट नदी दिसते आणि काही ठिकाणी उतार साठ अंशांहून अधिक आहे. पाऊस पडून गेल्यावर तर कोणीच जाऊ नये, कारण ओला पाटीचा दगड अतिशय निसरडा होतो.

त्याऐवजी ब्रेमहून माथ्यावरच्या क्रुसापर्यंत चढून माथ्यावरूनच एलरला उतरावे. क्रुसापाशी मोझेलचे प्रचंड वळण एका नजरेत मावते आणि पलीकडच्या काठावर श्टूबेनच्या मठाचे छप्पर नसलेले भग्नावशेष दिसतात. बाराव्या शतकातील या मठात कॉन्स्टँटिनोपलहून आणलेली, येशूच्या क्रुसाचे मानले जाणारे पवित्र अवशेष असलेली मौल्यवान पेटी शतकानुशतके जपली गेली. ती आज जर्मनीतल्याच लिम्बुर्ग शहरात आहे. एडिगर-एलरला रेल्वे स्थानक आहे, त्यामुळे तिथूनच रेल्वे पकडता येते.

प्रतिसाद ३

बाटलीवर ‘ब्रेमर कालमोंट’ किंवा ‘एलरर कालमोंट’ असे लिहिलेले असते, कारण हा उतार दोन गावांच्या हद्दीत विभागलेला आहे. ‘ट्रोकन’ म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली वाइन. गोडसर ‘काबिनेट’मध्ये (हा हलक्या जर्मन वाइनचा एक दर्जा) अल्कोहोल बहुधा आठ-नऊ टक्केच असते, आणि तिची आम्लता गोडव्याला चिकट होऊ देत नाही. माझी शिफारस अशी की दोन्ही प्रकार एकाच उत्पादकाकडून, शक्यतो एकाच वर्षाचे घ्यावेत, म्हणजे फरक नीट कळेल.

आपण जाल तेव्हा रिस्लिंगची तोडणी बहुधा सुरू असेल. इथे ट्रॅक्टर चालत नाही. माणसे हाताने घड खुडतात आणि एका रुळावरची छोटी गाडी क्रेट खाली आणते. चुना न वापरता रचलेले जुने गडगे हा उतार धरून ठेवतात. एक गडगा ढासळला की त्यामागच्या वेलीही जातात आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक दगड हातानेच पुन्हा बसवावा लागतो. म्हणूनच इथल्या काही पट्ट्या मधल्या काळात पडीक पडून झुडपांनी भरल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींवर पुन्हा लागवड झालेली पाहून मला मनापासून आनंद झाला. गडग्यांवर कृपया पाय देऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही माथ्यावरच्या वाटेनेच जाऊ आणि एलरला उतरल्यावर दोन्ही प्रकारच्या बाटल्या घेऊ.